शेतकऱ्यांची पेढी आणि लुई सलिव्हन

रूपाने कार्याच्या मागोमाग यावे, हे लुई सलिव्हनने १८९६ साली मांडलेले सूत्र वास्तुचर्चेत इतके फिरले आहे की जुन्या नाण्याप्रमाणे त्याच्यावरचा छाप पार झिजून गेला आहे. त्याचा रूढ अर्थ असा की, अलंकार ही उधळपट्टी. भिंत, खिडकी आणि छप्पर सोयीचे झाले म्हणजे वास्तुकाराचे काम संपले. ज्यांना हा अर्थ पटतो त्यांनी खुद्द सलिव्हनने अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या ओवाटोना या गावी बांधलेली नॅशनल फार्मर्स बँक पाहावी. मी ती छायाचित्रांतून आणि नकाशांतूनच पाहिली आहे. तरी त्या सूत्रावरचे सर्वांत चोख भाष्य म्हणजे ही इमारत, असे माझे मत झाले आहे.

ओवाटोना हे त्या वेळी जेमतेम पाचसहा हजार वस्तीचे, शेतीवर आणि दूधलोण्यावर जगणारे गाव. बँकेचा उपाध्यक्ष कार्ल बेनेट हा संगीताचा मोठा षौकी. १८९३च्या शिकागो प्रदर्शनानंतर अमेरिकेत गावोगावच्या बँका ग्रीक-रोमन देवळांची सोंगे घेऊन उभ्या राहत होत्या. हे उसने खांब बेनेटला रुचेनात. १९०६ साली 'क्राफ्ट्समन' मासिकात सलिव्हनचा एक निबंध त्याच्या वाचनात आला आणि त्याने त्यालाच बोलावून घेतले. गगनचुंबी इमारतींना रूप देणारा हा कलावंत, १८९५ साली भागीदार अॅडलर दूर झाल्यापासून, कामासाठी ताटकळत होता. १९०८ साली बँक उभी राहिली.

मुख्य इमारत म्हणजे अडुसष्ट फूट लांबीरुंदीचा आणि एकोणपन्नास फूट उंचीचा एक ठोकळा. खाली तांबूस वालुकाश्म, वर अनेक छटांच्या विटा. रस्त्याकडच्या दोन्ही अंगांना एकेक अफाट कमान, छत्तीस फूट रुंदीची. या कमानींभोवती भाजल्या मातीच्या नक्षीची आणि रंगीत काचतुकड्यांची चौकट फिरते. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी जी लयतत्त्वे सांगितली, त्यांचा पडताळा इथे सहज येतो. ठोकळ्याच्या करड्या शिस्तीला कमानीचा बाक विरोध करतो, दोन अंगांच्या दोन कमानी एकमेकींशी संवाद साधतात, आणि पाठीमागची सपाट वीट या साऱ्याला तोलून धरते. आत शिरताच हिरव्या-सोनेरी काचांतून गाळून आलेला उजेड. उरलेल्या दोन कमानींत ऑस्कर ग्रोसने रंगवलेली भित्तिचित्रे: एकीत गाई, दुसरीत सुगी. छतातून लोंबणारी, सव्वादोन टन वजनाची एकेक अशी चार ओतीव लोखंडी झुंबरे.

एवढा थाट पैसे मोजायच्या जागेत कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. पण बँकेचे कार्य म्हणजे का पैसे मोजणे? घाम गाळून मिळवलेली पुंजी माणूस परक्याच्या हाती सोपवतो ती विश्वासावर. म्हणून इथे शेतकऱ्यांना बसाबोलायला एक स्वतंत्र खोली होती, स्त्रियांसाठी वेगळी होती, आणि भिंतीवर चित्र आहे ते त्यांच्याच गोठ्याचे. जो अलंकार आल्यागेल्याला दबवीत नाही, उलट त्याच्याच जगण्याला मान देतो, त्याला उधळपट्टी कसे म्हणावे?

श्रेयाचा हिशेबही एकदा चोख व्हायला हवा. या नक्षीतला फार मोठा भाग जॉर्ज एल्म्स्लीच्या हातचा आहे. रंगयोजनेत लुई मिलेचा वाटा आहे. एकट्या सलिव्हनची आरती ओवाळणारी टीका या दोघांवर अन्याय करते.

पुढची हकीकत मन विषण्ण करणारी आहे. १९०९ साली सलिव्हनला आपला ग्रंथसंग्रह आणि घरातले सामान लिलावात काढावे लागले. त्याच वर्षी एल्म्स्लीही त्याला सोडून गेला. मध्यपश्चिमेतल्या लहान गावांतल्या आणखी काही बँकांवर निर्वाह करीत तो १९२४ साली दारिद्र्यात वारला. आणि १९२६ साली, शेतमालाच्या मंदीच्या काळात, बेनेटची बँकच बुडाली. मग विश्वासाची ही सारी भाषा खोटीच होती की काय?

मला तसे वाटत नाही. कलाकृती व्यवहाराची हमी देत नसते. व्यवहार कसा असावा, याचे एक रूप ती डोळ्यांपुढे उभे करते आणि माणसे चुकली तरी ते पुसू देत नाही. या इमारतीवर खरा घाव पडला तो १९४० साली, नव्या मालकीत, जेव्हा आधुनिक सोयीच्या नावाखाली गल्ल्यांच्या जुन्या नक्षीदार जाळ्या काढून टाकण्यात आल्या. सलिव्हनच्या सूत्राचा झिजलेला अर्थच तिथे पहार घेऊन आला होता. १९५८ साली हार्वेल हॅमिल्टन हॅरिसच्या सल्ल्याने डागडुजी झाली, १९७६ साली राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, १९८१ साली टपालाच्या तिकिटावर ती झळकली. गेलेल्या जाळ्या मात्र परत आल्या नाहीत. बँक बुडाल्याचे नुकसान गावाने काळाच्या ओघात पचवले. सोयीच्या नावाने केलेले हे नुकसान भरून निघालेले नाही.