‘शिंगरूं’ शब्दाच्या व्युत्पत्तीचा परामर्श

गाढवाच्या पिलास मराठींत ‘शिंगरूं’ म्हणतात. घोड्याच्या पिलासहि तोच शब्द लागतो. आईबापांचीं नांवें निराळीं, पण पिलाचें नांव एकच, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. ‘गाढव’ हा शब्द संस्कृत ‘गर्दभ’, प्राकृत ‘गड्डह’ या क्रमानें आला, हें सर्वमान्य आहे. प्रश्न आहे तो पिलाच्या नांवाचा.

‘शिंगरूं’ हें ‘शिंग’ या शब्दावरून झालें, ही उपपत्ति ऐकतांच पटण्याजोगी आहे; परंतु ती आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. घोडा व गाढव या दोहोंसहि शिंगें नाहींत. ज्यांस पुढें शिंगें फुटतात त्या गाय, म्हैस व शेळी यांच्या पिलांस आपण अनुक्रमें वासरूं, रेडकूं व करडूं म्हणतों. शिंगरूं कोणासच म्हणत नाहीं. शिंगावरून नांव पडावयाचें, तर तें नेमकें बिनशिंगी जनावरांच्या पिलांसच कां पडावें?

आमच्या मतें या शब्दाचा विचार शेवटाकडून करावा. वासरूं–वासराचें–वासरें, लेंकरूं–लेंकराचें–लेंकरें, त्याचप्रमाणें शिंगरूं–शिंगराचें–शिंगरें, अशी ही एकच मालिका आहे. ‘वासरूं’ हें ‘वत्सरूप’ यापासून व ‘गुरूं’ हें ‘गोरूप’ यापासून आलें. टर्नर यांच्या इ. स. १९६६ च्या तौलनिक कोशांतहि हींच मुळें दिलीं आहेत. तेव्हां अखेरचा ‘रूं’ हा ‘रूप’ शब्दाचा अवशेष होय, आणि त्याचें पूर्वपद प्राण्याचें किंवा अपत्याचें नांव असतें. ‘पांखरूं’ यांत पंख हा अवयव दिसतो, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु तेथें पूर्वपद ‘पक्षी’ धरा कीं ‘पंख’ धरा, पांखराला पंख आहेत. शिंगराला शिंग नाहीं. म्हणून ‘शिंगरूं’ याचें पूर्वपद प्राणिनामांतच शोधणें युक्त होय.

येथें हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक विनंती आहे. मोडींत इकार व उकार यांचा ऱ्हस्वदीर्घभेद पाळला जात नाहीं. त्यामुळें ‘शिंगरु’ कीं ‘शिंगरू’ हा वाद मोडी कागदांवरून सुटणार नाहीं. बाळबोध पोथींतील अंत्य अनुस्वाराची गोष्ट मात्र वेगळी. तो शब्दाचें नपुंसकलिंग दाखवितो, व त्याच्याच आधारें शब्द ‘वासरूं’च्या मालिकेंत बसतो. इ. स. १९६२ च्या लेखननियमांनीं असे अनुच्चारित अनुस्वार गाळले. आजच्या लेखनापुरतें तें ठीकच आहे. परंतु जुन्या पोथीची नक्कल छापतांना तोच नियम मागें लावणें म्हणजे साक्षीदाराची जबानी आपणच दुरुस्त करणें होय. पोथींत अनुस्वार असेल तर तो ठेवावा, नसेल तर पदरचा घालूं नये. एवढें पथ्य पाळलें, तर गाढवाच्या पिलाचें नांवहि भाषेच्या इतिहासाचें साधन ठरेल.