‘मोकळी’ जागा आणि ‘रिकामी’ जागा

नगररचनेच्या चर्चेत ‘मोकळी’ व ‘रिकामी’ हे शब्द समानार्थी म्हणून योजिले जातात. वस्तुतः ते तसे नाहीत. रिकामी जागा भरावयाची राहिलेली असते; मोकळी जागा हेतुपुरस्सर राखावयाची असते. मुंबईतील गिरण्यांच्या जमिनींचेच उदाहरण घेऊ. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार, पुनर्विकास करताना एकूण जमिनीचा सुमारे एक तृतीयांश भाग उद्याने, क्रीडांगणे इत्यादींसाठी महापालिकेस द्यावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मुळातच बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती मर्यादित केली. इमारती पाडून मिळणारी जमीन तीतून वगळली गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. म्हणजे जे योगायोगाने रिकामे होते, त्यातूनच मोकळे काय ते मिळावयाचे! या अर्थसंकोचाची किंमत परळ-लालबागच्या रहिवाशांना मोजावी लागली आहे.