दुर्गेचा मृत्यू आणि अपूचे मौन

बिल्डुंग्सरोमान, म्हणजे नायकाच्या घडणीची कादंबरी, या प्रकाराच्या चर्चेत आप्ताचा मृत्यू हा प्रौढत्वाचा उंबरठा मानण्याचा प्रघात आहे. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’तील (१९२९) दुर्गेचा मृत्यूही बहुधा असाच वाचला जातो: बहीण जाते, भावाचे बालपण संपते. हा अन्वय सोयीचा असला तरी संहितेचा क्रम त्याला पुरेसा आधार देत नाही.

दुर्गा तापाने जाते तेव्हा हरिहर दूरगावी असतो. तो परततो तो मुलीसाठी घेतलेले लुगडे घेऊन. शोकाचा भार निवेदक आईबापांवर ठेवतो. अपूमध्ये या क्षणी कोणतेही दृश्य स्थित्यंतर घडत नाही. ते घडते पुढे, निश्चिंदिपूर सोडण्याच्या तयारीत, जेव्हा घरातल्या एका मडक्यात त्याला सोन्याची कुंकवाची डबी सापडते. या डबीच्या चोरीच्या आळापायी दुर्गेने मार खाल्लेला असतो. आळ खरा होता, हे आता एकट्या अपूला कळते. तो डबी बांबूच्या बेटात भिरकावून देतो आणि कुणापाशी बोलत नाही.

कादंबरीचा सांधा मृत्यूत नसून या कृतीत आहे, असे येथे सुचवावयाचे आहे. अपू मोठा होतो तो शोकामुळे नव्हे, तर ज्ञान आणि मौन यांची सांगड घालावी लागते म्हणून. मृत बहिणीचा न्याय करण्याचा अधिकार तो नाकारतो. सत्यजित राय यांच्या चित्रपटात (१९५५) डबीच्या जागी माळ येते, बेटाच्या जागी तळे; मात्र मौन तेच राहते.

हे मौन शक्य होते ते तृतीयपुरुषी निवेदनामुळे. निवेदक आणि वाचक यांना जे ठाऊक आहे ते गावाला ठाऊक होत नाही. या फटीतच अपूची नैतिकता आकार घेते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) धाकट्या मनीच्या देवीच्या रोगाने झालेल्या मृत्यूशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. तेथे शोक करणारा पांडुरंग सांगवीकर हाच निवेदक आहे. त्याला लपवण्याजोगे काही उरत नाही. सांगणे हाच त्याचा शोक. एके ठिकाणी मृत्यू मौनाला जन्म देतो, दुसरीकडे वाणीला.

येथे एक आक्षेप संभवतो. दोन्ही कादंबऱ्यांत बहिणीचा मृत्यू अखेर भावाच्या कथेलाच उपयोगी पडतो, असे नाही का? ‘कोसला’पुरता तो सहज बाजूला सारता येत नाही, मनी आपल्यापर्यंत पोचते ती भावाच्या आठवणीतूनच. दुर्गा मात्र मृत्यूपूर्वी स्वतःच्या हावरेपणासह, रानावनातल्या भटकंतीसह स्वतंत्रपणे जगलेली आहे. आजारपणात ती अपूला विचारते, मी बरी झाल्यावर मला आगगाडी दाखवशील ना? पुढे गाव सोडताना अपू आगगाडीत बसतो तेव्हा ती मागणी अपुरीच असते, आणि त्याला दीदी आठवते. डबी फेकून देता आली, ही मागणी फेडता येत नाही.

म्हणून या मृत्यूचा अर्थ ‘नायकाची परिपक्वता’ या एका पदात बसवणे अपुरे ठरते. भावाच्या घडणीत विरघळून न जाणारे दुर्गेचे जे शिल्लक राहते, त्याची दखल घेणारे वाचनच या कादंबरीला न्याय देऊ शकेल.