एका वाक्यातला आरोपी

सरकारी कागदाला शैली नसते असे आपण धरून चालतो, आणि म्हणून लंडनच्या स्कॉटलंड यार्डचे चीफ कॉन्स्टेबल मेलव्हिल मॅकनॉटन यांच्या हातचे २३ फेब्रुवारी १८९४ चे टिपण वाचताना आपण बेसावध असतो. विषय व्हाइटचॅपलच्या खुनांचा, ज्यांच्या न सापडलेल्या कर्त्याला जग ‘जॅक द रिपर’ म्हणते. टिपणात तीन संशयित आहेत. पहिल्याच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्ये आली आहेत, आणि त्यांचा आशय असा : एम. जे. ड्रुइट, डॉक्टर असल्याचे सांगतात, घराणे चांगले. मिलर्स कोर्टातल्या खुनाच्या सुमारास नाहीसा झाला. महिन्याहून अधिक काळ पाण्यात होते असे सांगितले जाणारे त्याचे प्रेत ३१ डिसेंबरला टेम्स नदीत मिळाले. त्याला लैंगिक स्वरूपाचे वेड होते. आणि खासगीरीत्या कळलेल्या माहितीवरून, खुनी तोच अशी त्याच्या घरच्यांचीच समजूत होती, याविषयी मला फारशी शंका नाही.

जरा थांबून यातला प्रत्येक दुवा उजेडात धरून पाहू. डॉक्टर असल्याचे कोण सांगते? कुणीतरी. प्रेत किती दिवस पाण्यात होते? सांगतात तितके. घरच्यांना काय ठाऊक होते? ठाऊक नव्हते, वाटत होते. आणि त्यांना तसे वाटत होते हे तरी मॅकनॉटनना पक्के माहीत आहे का? त्यांना फक्त ‘फारशी शंका नाही’. पाहणारा डोळा या दोन वाक्यांत कुठेच नाही; आहे ती कर्णोपकर्णी आलेली गोष्ट, आणि कुठल्याही न्यायालयात तिला ऐकीव म्हणून बाजूला ठेवले जाईल. पण गद्य म्हणून तिची रचना किती कसलेली आहे! आधी घराण्याची प्रतिष्ठा, मग नाहीसे होणे, मग नदी, मग मनाचा अंधार आणि सरतेशेवटी घरातल्या माणसांची कुजबूज. एखाद्या जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजातून आत घेत घेत कुणी आपल्याला थेट माजघरापर्यंत आणावे, तसे हे वाक्य आपल्याला बाहेरून आत नेते. आणि वाटेत आपल्याला दाखवले काहीच नाही, हे माजघरात पोचेपर्यंत आपल्या ध्यानातही येत नाही.

त्याच टिपणात मारल्या गेलेल्या स्त्रियांच्या नोंदी पाहा. ३१ ऑगस्ट १८८८, मेरी ॲन निकोल्स, बक्स रो. ८ सप्टेंबर, ॲनी चॅपमन, हॅनबरी स्ट्रीट. ३० सप्टेंबर, एलिझाबेथ स्ट्राइड आणि कॅथरीन एडोज, एकाच रात्री दोघी. ९ नोव्हेंबर, मेरी जेन केली, मिलर्स कोर्ट. तारीख, नाव, ठिकाण. इथे कुठे ‘म्हणतात’ नाही. बळी पाच आणि पाचच, असे मॅकनॉटन ठासून सांगतात. एकाच लेखणीतून उतरलेली ही दोन प्रकारची गद्ये शेजारी ठेवली की जाणवते : मेलेल्यांविषयीचे गद्य पंचनाम्याचे आहे, मारणाऱ्याविषयीचे कादंबरीचे.

टिपण लिहिण्याचे निमित्तही रसिकाने नजरेआड करू नये. ‘द सन’ या वृत्तपत्राने त्याच महिन्यात ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या इस्पितळातल्या एका माणसाकडे बोट दाखवले होते. तो थॉमस कटबुश. कटबुश रिपर नव्हे, हे मॅकनॉटनना दाखवायचे होते, आणि ही तीन नावे आली ती ‘कटबुशपेक्षा यांच्यापैकी कुणीही अधिक संभवनीय’ एवढ्यापुरती. म्हणजे ज्याला जग आरोप समजते तो मुळात बचावाच्या ओघात आलेला दाखला आहे. एकाला सोडवताना दुसऱ्याचे नाव कागदावर आले आणि तिथेच राहिले.

या टिपणाचा एक वेगळा पाठही आहे, मॅकनॉटन यांच्या कन्या लेडी ॲबरकॉनवे यांनी जपलेला. १९५९ साली तो डॅनियल फार्सन या पत्रकाराच्या पाहण्यात आला. या पाठात लेखणी मोकळी आहे. उरलेल्या दोघांना मॅकनॉटन जवळजवळ निर्दोष ठरवतात. पहिल्याविषयी मात्र विचार करावा तसतसे आपले मत दृढ होत जाते म्हणतात, आणि पुढे असेही सुचवतात की सत्य कधीच कळणार नाही, आपला तर्क खरा असेल तर ते एके काळी टेम्सच्या तळाशी पडून होते. काय प्रतिमा आहे! प्रेत आणि सत्य एकाच पाण्यात, एकाच खोलीवर. कार्यालयाच्या दप्तरी असलेल्या प्रतीत ही प्रतिमा नाही. तिथल्या लेखकाला बहुधा हुद्द्याचे भान आले असावे. पण गंमत अशी, की याच मोकळ्या पाठात ड्रुइटचे वय सुमारे ४१ दिले आहे, आणि तो मेला तेव्हा ३१ वर्षांचा होता.

डॉक्टर तर तो नव्हताच. माँटेग्यू जॉन ड्रुइट, जन्म १८५७, डॉर्सेटमधल्या विंबोर्नचा; विंचेस्टर आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेला बॅरिस्टर, आणि जोडीला ब्लॅकहीथच्या एका निवासी शाळेत मास्तर. वडील मात्र सर्जन होते. १८९१ मध्येच, सर्जनच्या एका मुलाने शेवटच्या खुनाच्या रात्री जीव दिला, अशी कथा पश्चिम इंग्लंडातला एक खासदार सांगत असल्याचे छापून आले होते; मुलाचा सर्जन होण्यासाठी कथेला एका तोंडातून दुसऱ्या कानात जाण्याइतकाच अवकाश पुरतो.

आणि मग त्याच्या ओव्हरकोटाचे खिसे. या प्रकरणातला ऐकीव नसलेला, हाताला लागणारा ऐवज हाच, म्हणून मला तो सर्वांत प्रिय आहे. प्रत्येक खिशात चार मोठे दगड. ५० आणि १६ पौंडांचे दोन धनादेश. ब्लॅकहीथ ते लंडन पहिल्या वर्गाचा पास. आणि हॅमरस्मिथहून चेरिंग क्रॉसच्या परतीच्या तिकिटाचा उरलेला अर्धा भाग, तारीख १ डिसेंबर. दगड म्हणतात, हा मरायला निघाला होता. तिकीट म्हणते, परतायचे होते. त्या तारखेने मॅकनॉटन यांचे वाक्यही मोडते, कारण मिलर्स कोर्टानंतर तीन आठवडे हा माणूस कुठेही नाहीसा झालेला नव्हता. शाळेतून त्याला काढले गेले ते नोव्हेंबरच्या अखेरीस. त्याची आई जुलैपासून वेड्यांच्या इस्पितळात होती, आणि आपलेही आता तिच्यासारखेच होणार, अशा भयाची चिठ्ठी त्याने मागे ठेवली होती. इतके दुःख एका मरणाला पुरेसे नाही का? त्याला पाच खुनांची जोड कशासाठी हवी? २१ डिसेंबरला ब्लॅकहीथच्या क्रिकेट क्लबाने आपले मानद चिटणीस ड्रुइट परदेशी गेल्याची नोंद करून त्यांना पदावरून दूर केले.

क्रिकेटचा पुरावा तर दुधारी. ८ सप्टेंबरला पहाटे साडेपाचच्या सुमारास ॲनी चॅपमनचा खून झाला, आणि साडेअकराला ड्रुइट ब्लॅकहीथला सामन्यात उतरला. मधल्या सहा तासांत रक्त धुऊन, पांढरे कपडे चढवून मैदानावर येणे अशक्य नाही. पण ‘अशक्य नाही’ इतकेच. निकोल्सच्या खुनानंतरच्या दिवशीही तो दूर डॉर्सेटमध्ये खेळत होता. इन्स्पेक्टर ॲबरलाइन यांनी प्रत्यक्ष तपास केला होता, आणि १९०३ मध्ये त्यांनी सांगितले की त्या वेळी बुडालेला सापडला याखेरीज या माणसाविरुद्ध काही नाही. संशयितांतला तिसरा, ऑस्ट्रॉग, खुनांच्या काळात फ्रान्सच्या तुरुंगात असल्याचे पुढे निघाले.

मॅकनॉटन स्वतः १८८८ मध्ये पोलिसांत नव्हतेच. तरुणपणी बंगालमध्ये वडिलांच्या मळ्यांचा कारभार पाहिलेला, तिथल्या दंग्यात मार खाल्लेला हा गृहस्थ यार्डात रुजू झाला १८८९ च्या जूनमध्ये, सारे संपल्यावर. तमाशा हुकलेल्या रसिकाची हळहळ त्या दोन वाक्यांत मला तरी ऐकू येते. १९१३ साली निवृत्त होताना त्यांनी वार्ताहरांना सांगितले, की खुनी कोण होता याची आपल्याला स्पष्ट कल्पना आहे, पण ते गुपित आपण उघड करणार नाही; आपल्याकडचे सगळे कागद आपण नष्ट केले आहेत.