तक्ता, मोबाइल आणि मोतीबिंदू

पोलादपूर तालुक्यातल्या एका शाळेत जुलै महिन्यात मुलांच्या डोळ्यांची तपासणी चाललेली मी पाहिली. बाहेर सावित्रीच्या खोऱ्यात पडतो तसा पाऊस, वीज गेलेली आणि भिंतीवर पिवळा पडलेला तक्ता. गुरुजींनी सहा मीटरचे अंतर फरश्या मोजून ठरवले होते. रांगेतल्या पाचव्या-सहाव्या मुलापर्यंत खालच्या ओळी सर्वांना पाठ झाल्या, त्यामुळे पुढच्या सगळ्यांची दृष्टी उत्तम निघाली! गुरुजींना दोष देण्याचा हेतू नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि त्यात शाळेतली पहिली चाळणी शिक्षकांवरच सोपवलेली आहे. पण हे काम करताना आपण नेमके काय मोजतो, हे शिक्षकांना कोणी फारसे सांगत नाही.

तक्ता हे फूटपट्टीसारखेच मोजमापाचे साधन आहे. हर्मान स्नेलेन या डच नेत्रवैद्याने तो १८६२ साली उट्रेख्ट येथे तयार केला. कल्पना सोपी आहे. अक्षर डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करील आणि त्यातल्या रेघेची जाडी १ मिनिटाचा (म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाचा) कोन करील इतक्या आकाराचे काढायचे. सहा मीटरवरून हा कोन होण्यासाठी अक्षर सुमारे ८.७ मिलिमीटर उंच हवे. आपल्या शाळेतल्या तक्त्यावरची ६/६ ची ओळ पट्टीने मोजून पाहा. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढलेला तक्ता असेल, तर उंची आठच्याही खाली गेलेली आढळेल आणि चांगले डोळे उगाच ‘कमजोर’ ठरतील.

मूळ तक्त्यातही दोष आहेतच. वरच्या ओळीत एकच अक्षर, खाली सात-आठ; एका ओळीतून दुसरीत जाताना आकार कधी निम्म्याने घटतो, कधी थोडासाच. १९७६ साली मेलबर्नच्या बेली आणि लव्ही यांनी प्रत्येक ओळीत पाच अक्षरे आणि लगतच्या दोन ओळींत १.२६ हे ठरावीक गुणोत्तर ठेवून हा दोष काढला. आपल्या देवनागरी तक्त्याची अडचण आणखी वेगळी. शिरोरेषा बहुतेक अक्षरांना सारखीच, आणि ‘घ’-‘ध’, ‘ब’-‘व’ या जोड्या ओळखायला ‘ग’ किंवा ‘ट’ यांच्यापेक्षा कितीतरी कठीण. एकाच ओळीतली अक्षरे सारखी अवघड नसतील, तर ती ओळ वाचली याचा अर्थ काय लावायचा?

हा प्रश्न पुस्तकी नाही. २०१७ सालापर्यंत भारतात चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/६० पेक्षा कमी असेल त्याला अंध म्हणत. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेशी मेळ घालण्यासाठी ही मर्यादा ३/६० करण्यात आली. २००६-०७ च्या पाहणीत अंधत्वाचे प्रमाण १ टक्का होते, २०१५-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत ते ०.३६ टक्के भरले. सुधारणा झाली हे निश्चित. पण मधल्या काळात पट्टीच बदलली, हे न सांगता दोन आकडे शेजारी छापणे बरोबर नाही. तसे छापलेले मी अनेकदा वाचले आहे.

या पार्श्वभूमीवर नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर यांच्या शोधाकडे पाहू. २०१० साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये त्यांनी व्हितोर पाम्प्लोना, अंकित मोहन आणि मान्युएल ओलिव्हेरा यांच्यासह मोबाइल फोनवर बसवायचे एक छोटेसे साधन सादर केले. त्याचे नाव ‘नेत्र’. त्यातल्या सुट्या भागांची किंमत दोन डॉलरच्या आसपास सांगितली गेली. वर्तमानपत्रांनी ‘आता मोबाइलच डोळे तपासणार’ असे मथळे दिले, मराठी माणूस म्हणून अभिमानाचे लेखही आले. त्या लेखांत हे साधन चालते कसे, हे मात्र क्वचितच सापडले. खरी गंमत तेथेच आहे.

खगोलशास्त्रज्ञांनी दुर्बिणीतल्या त्रुटी मोजण्यासाठी तयार केलेले एक उपकरण आहे, शॅक-हार्टमान संवेदक. १९९४ साली ते प्रथम माणसाच्या डोळ्यासाठी वापरले गेले. डोळ्यात लेसरचा बारीक किरण सोडायचा. तो दृष्टिपटलावरून परततो आणि बारीक भिंगांच्या जाळीतून कॅमेऱ्यावर पडतो. डोळा निर्दोष असेल तर ठिपके सरळ रांगेत येतात, दोष असेल तर सरकतात. अचूक, पण महाग. रासकर आणि सहकाऱ्यांनी हा मार्ग उलटा केला. कॅमेऱ्याच्या जागी फोनचा पडदा आणला, आणि दृष्टिपटलावर काय पडते हे यंत्राला न विचारता ज्याचा डोळा त्यालाच विचारले! पडद्यावर दोन रेघा असतात. त्यांचे किरण बाहुलीच्या दोन वेगवेगळ्या बिंदूंतून आत शिरतात. निर्दोष डोळ्याला त्या एकावर एक दिसतात, निकटदृष्टितेच्या डोळ्याला अलग दिसतात. बटणे दाबून त्या जुळवायच्या. किती वेळा दाबले त्यावरून चष्म्याचा नंबर. पडद्यावरचे ठिपके जितके बारीक तितके मोजमाप बारीक.

यामागचे तत्त्व क्रिस्टोफ शायनर याने १६१९ सालीच लिहून ठेवले होते, आणि ते वर्गात पाच मिनिटांत दाखवता येते. पोस्टकार्डाला टाचणीने दोन मिलिमीटर अंतरावर दोन भोके पाडा. कार्ड एका डोळ्याशी धरून हातभर अंतरावरची सुई पाहा, मग नजर खिडकीबाहेरच्या झाडावर लावा. सुई दोन होतील.

कल्पना म्हणून मला हे काम फार मोलाचे वाटते. चारशे वर्षांपूर्वीचे तत्त्व, आकाश निरखणाऱ्यांचे उपकरण आणि खिशातला पडदा यांची सांगड घालणे हे सोपे नव्हे. पण साधन म्हणून तपासताना हात आखडता घ्यावा लागतो. दोष आर्थिक नाही, शारीरिक आहे. डोळ्याजवळ काही धरले की डोळा आपोआप जवळचे पाहण्याच्या तयारीला लागतो, त्यातले भिंग फुगते. मुलांमध्ये ही ताकद भरपूर असते. त्यामुळे नसलेली निकटदृष्टिता दिसू शकते किंवा असलेली वाढून दिसते. शोधकर्त्यांच्या स्वतःच्या चाचण्यांत सरासरी चूक अर्ध्या डायॉप्टरच्या आत होती. पण शिकवून तयार केलेला माणूस प्रयोगशाळेत शांतपणे रेघा जुळवतो आणि आमच्याकडचा चौथीतला मुलगा मागच्याचा धक्का खात बटणे दाबतो, यात अंतर आहे. दुसरे असे, की नंबर कळल्याने चष्मा मिळत नाही. पोलादपूरहून जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. शाळेपुरता विचार केला तर बरोबर छापलेला तक्ता, मोजलेले सहा मीटर आणि पाठांतर टाळण्यासाठी दोन-तीन वेगवेगळे तक्ते एवढ्यावर चाळणीचे काम अजूनही अधिक भरवशाचे होते, असे माझे मत आहे.

याच गटाचे २०११ सालचे दुसरे साधन मात्र दुर्लक्षित राहिले, आणि माझ्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे. त्याचे नाव ‘कॅट्रा’; ते मोतीबिंदू मोजते. त्याचे महत्त्व मला माझ्या मावशीमुळे कळले, म्हणून थोडे घरचे सांगतो.

मावशीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, कृत्रिम भिंग बसले, दृष्टी छान आली. वर्षभराने तिची तक्रार सुरू झाली. जेथे ऑपरेशन झाले तेथे दोनदा नेले. दोन्ही वेळा तिने तक्ता वाचला, ६/९ लिहिले गेले आणि “डोळा उत्तम आहे, वयामुळे वाटतंय” असे सांगून परत पाठवले. ती म्हणे, “अक्षरं वाचता येतायत रे, पण पायरी दिसत नाय. नि समोरून गाडीचा दिवा आला की सगळं पांढरं.” तिसऱ्या ठिकाणी एका डॉक्टरांनी बाहुली मोठी करून नीट पाहिले. भिंग ज्या पातळ पिशवीत बसवतात तिचा मागचा पडदा धूसर झाला होता. ऑपरेशननंतर काही जणांना हे होते, आणि लेसरने त्या पडद्याला मध्ये खिडकी केली की दोष जातो. तिचाही गेला.

तक्त्याने फसवले ते का? तक्त्यावर काळेभोर अक्षर पांढऱ्याशुभ्र कागदावर असते. धूसर पडद्यातून प्रकाश विखुरतो, सगळ्या चित्रावर एक फिकट झिलई चढते. काळे-पांढरे त्यातूनही ओळखू येते. संध्याकाळच्या उजेडातली शेवाळलेली काळी पायरी तिच्याच रंगाच्या जमिनीपासून ओळखू येत नाही. १९८८ साली पेली आणि रॉब्सन यांनी यासाठी वेगळा तक्ता केला. त्यात सगळी अक्षरे एकाच आकाराची असून क्रमाने फिकी होत जातात. आपल्याकडे शिबिरांत तो मी पाहिलेला नाही.

आणखी एक मुद्दा आहे. डॉक्टर दिव्याने तपासतात तेव्हा त्यांना मोतीबिंदूवरून मागे, म्हणजे त्यांच्याकडे विखुरलेला प्रकाश दिसतो. रुग्णाला छळतो तो पुढे, दृष्टिपटलाकडे विखुरलेला प्रकाश. ‘कॅट्रा’ नेमका हा दुसरा मोजते. बाहुलीच्या एकेका बिंदूतून बारीक किरण आत जातो. तो कोठे मंद झाला, कोठे पसरला हे रुग्ण सांगतो, आणि भिंगाचा नकाशा तयार होतो. वृद्ध माणसाला हे कंटाळवाणे आहे, वेळ लागतो, हे खरेच. पण प्रश्न बरोबर विचारलेला आहे.

भिंगाच्या बाबतीत मोजमापाची किंमत इतिहासानेच दाखवून दिली. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिले कृत्रिम भिंग बसवले. दुसऱ्या महायुद्धात जखमी वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे कण राहूनही डोळा ते सहन करतो, असे त्यांना दिसले होते. ही गोष्ट आपण वर्गात रंगवून सांगतो. तिचा उत्तरार्ध सांगत नाही. त्या पहिल्या रुग्णाला ऑपरेशननंतर वीस डायॉप्टरच्या आसपास निकटदृष्टिता आली! शस्त्रक्रिया जिंकली, हिशोब हरला.

एवढी मोठी चूक होऊ शकते का, हे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे. समजा, नैसर्गिक भिंगाचा आकार जसाच्या तसा ठेवून ते या प्लास्टिकचे केले. भोवतालच्या द्रवाचा अपवर्तनांक १.३३६, नैसर्गिक भिंगाचा सरासरी १.४२, प्लास्टिकचा १.४९. फरक पहिल्या वेळी ०.०८४, दुसऱ्या वेळी ०.१५४. शक्ती या फरकाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे २० डायॉप्टरचे भिंग सुमारे ३७ चे होईल.

योग्य शक्ती ठरवण्याचे सूत्र सँडर्स, रेट्झलॅफ आणि क्रॅफ यांनी १९८० साली दिले. भिंगाची शक्ती = अ − २.५ × (डोळ्याची लांबी, मिलिमीटरमध्ये) − ०.९ × (पारपटलाची शक्ती). ‘अ’ हा त्या त्या भिंगाचा स्थिरांक, ११८.४ धरू. लांबी २३.५ आणि पारपटल ४४ डायॉप्टर असेल तर उत्तर २०.०५. आता लांबी २२ घ्या, २३.८ येते, २५ घ्या, १६.३ येते. हे सूत्र प्रकाशशास्त्रातून आलेले नाही, झालेल्या ऑपरेशनांच्या नोंदींतून बसवलेले आहे. म्हणून फार लांब किंवा फार आखूड डोळ्यांना ते चुकते आणि पुढे त्याची जागा सुधारित सूत्रांनी घेतली. पण वर्गासाठी इतके बोलके सूत्र दुसरे नाही. मोजणीचे यंत्र नसेल तेथे सरसकट एकाच शक्तीचे भिंग बसवण्याची रीत पूर्वी अनेक देशांतल्या शिबिरांत होती. त्याचा परिणाम या तीन आकड्यांवरून मुलेच सांगतील.

लांबी मोजतात ध्वनीने. डोळ्यात ध्वनीचा सरासरी वेग सेकंदाला १५५० मीटर, २३.५ मिलिमीटर जाऊन परत येणारा प्रतिध्वनी ३० मायक्रोसेकंदांत येतो. तपासनिसाने टोक जरा दाबून धरले आणि डोळा ०.३ मिलिमीटर चेपला, की उत्तर पाऊण डायॉप्टरने बदलले. १९९९ पासून प्रकाशाने, स्पर्श न करता, मोजणारी यंत्रे आली, पण ती महाग.

तिकडे मदुराईच्या ‘ऑरोलॅब’ने १९९२ पासून भिंगे देशातच बनवून त्यांची किंमत खाली आणली. युरोपात त्याच सुमारास वेगळा शोध चालला होता. तरुण डोळ्यात पारपटलाची गोलीय विपथन ही त्रुटी आतले भिंग उलट दिशेने भरून काढते, हे स्पेनच्या पाब्लो आर्ताल यांच्यासारख्यांनी मोजून दाखवले. साधे कृत्रिम भिंग मात्र ती वाढवते. नॉर्बी, पियर्स आणि सहकाऱ्यांनी अनेक पारपटले मोजून त्यांच्या सरासरीला जुळणारे अगोलीय भिंग २००२ साली मांडले. अंधुक प्रकाशात त्याचा फायदा होतो. सुंदर काम आहे, पण त्याची जाहिरात वाचताना मला हसू येते. लांबी मोजण्यातच पाऊण डायॉप्टर हरवले, तर या नाजूक सुधारणेचे ते काय उरणार?

महाड तालुक्याला नोंदींचे मोल परके नाही. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांची नाडी आणि रक्तदाब तासातासाला टिपले. त्या वाटेने पुढे जाऊन १९८६ साली त्यांचा प्राझोसिनवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. मोतीबिंदूच्या शिबिरांत ऑपरेशनांचा आकडा फलकावर लागतो. दोन महिन्यांनी प्रत्येकाला किती नंबरचा चष्मा लागला आणि संध्याकाळी त्याला काय दिसते, हेही त्या फलकावर लागायला हवे.

लेसर होईपर्यंतचे चार महिने मावशीने कसे काढले, हे सांगायचे राहिले. तिच्या नातवाने, तो तेव्हा आठवीत होता, घराच्या सहाही पायऱ्यांच्या कडेला चुन्याचा चार बोटे रुंद पट्टा ओढला. पावसाने धुऊन गेला की पुन्हा ओढायचा. त्या चार महिन्यांत ती एकदाही पडली नाही.