पंचनाम्यातले फोटो कुठे गेले?

थरारपटातल्या चुका शोधणे हा आता वेगळाच खेळ झाला आहे. एका दृश्यात शर्टाची बाही दुमडलेली, पुढच्यात सरळ. भिंतीवरचे घड्याळ दोन तास मागे. अशा याद्या करणाऱ्यांची नजर तेज असते, पण कथेचे त्यात काही बिघडत नाही. खरी चूक ती, जिच्यामुळे कथेचा आधारच सुटतो.

राजा परांजपे यांचा १९६४चा ‘पाठलाग’ घ्या. याच कथेवर दोन वर्षांनी राज खोसलांनी ‘मेरा साया’ केला. वकिलाची बायको वारलेली, आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी बाई ‘मीच तुमची बायको’ म्हणते. उलगडा जुळ्या बहिणीवर होतो. पण जुळ्यांचे चेहरे सारखे असले तरी बोटांचे ठसे वेगळे असतात, आणि कोलकात्यात ठशांची कचेरी १८९७ सालीच उघडली होती. बायकोने हाताळलेल्या वस्तू घरात तशाच होत्या. पावडर मारून ठसे घेतले असते तर खटला पहिल्याच तारखेला आटोपला असता. तरी चित्रपट तगला, कारण त्याचा जीव नवऱ्याच्या संशयात आहे, पुराव्यात नाही.

निशिकांत कामत यांचा ‘दृश्यम’ (२०१५) मूळ मल्याळम कथेवरचा, पण गोव्याच्या मातीत नीट रुजवलेला. चौथी नापास केबलवाला विजय साळगावकर खून लपवण्यासाठी तिकिटे, बिले जमवतो आणि साक्षीदारांच्या मनात खोटी तारीख पेरतो. इथे पातूरसारख्या तालुक्याच्या गावचा प्रेक्षक शहरी समीक्षकापेक्षा हुशार ठरतो. केबलवाला, कंडक्टर, हॉटेलचा मॅनेजर कोणाला कसा लक्षात ठेवतो, हे तो रोज पाहतो. म्हणून युक्ती त्याला पटते. खटकते ते बांधकाम. पोलीस ठाण्याच्या पायात मुरूम भरून धुमस मारल्यावर एकट्याने रातोरात खड्डा खणायचा, प्रेत पुरून तो बुजवायचा, आणि सकाळी गवंड्याला भुसभुशीत जागा दिसू नये? दिसतेच. पण कथेचा डोलारा स्मरणशक्तीच्या खेळावर उभा असल्याने ही चूक पोटात घालता येते.

अभिषेक पाठक यांच्या ‘दृश्यम २’ला (२०२२) ती सवलत नाही. सात वर्षांनी त्या प्रेताचा सांगाडा सापडतो, तपासणीआधी तो बदलला जातो, डीएनए जुळत नाही, विजय सुटतो. साराच भार पुराव्यावर. पण उकरलेल्या सांगाड्याचा जागेवरच पंचनामा होतो, फोटो निघतात, हाडांची नोंद होते, मग मुद्देमालाला सील लागते. आमच्याकडे पंच म्हणून सही करून आलेला माणूस गल्लोगल्ली सापडतो. तो सरळ विचारील, “काहून बे, खड्ड्यातले फोटू कोनी काहाडलेच नाही काय?” त्या फोटोंतली कवटी आणि दातांची ठेवण प्रयोगशाळेतल्या हाडांशी ताडून पाहिली की डीएनएच्या अहवालाआधीच बिंग फुटते.

शेवटची वीस-पंचवीस मिनिटे इतकी वेगात जातात की थिएटरात ही शंका येत नाही. विजय सुटावा असे आपल्यालाच वाटत असते, हेही खरे. पण पटकथेचा नायक इतका दूरदृष्टीचा, की वर्षानुवर्षे दुसरा सांगाडा हेरून ठेवतो. त्याला पोलिसांचा कॅमेरा तेवढा सुचला नाही. खरे तर तो लेखकालाच सुचला नाही. फोटोंचा बंदोबस्त करणारा एखादा प्रसंग घातला असता, तर चित्रपट पाच मिनिटांनी लांबला असता, एवढेच.