निर्णय कुणाचा? ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण कशासाठी वाचतो? विनोदासाठी, टिळकांच्या विसराळूपणाच्या गोष्टींसाठी, त्या घरगुती भाषेसाठी. हे सगळं आहेच. पण हे पुस्तक मुळात एका निर्णयाबद्दल आहे, आणि तो भाग आपण भराभर ओलांडतो, असं माझं म्हणणं आहे.

निर्णय सर्वांना माहीत आहे. फेब्रुवारी 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याआधीची आगगाडीतली भेटही प्रसिद्ध आहे. एका अनोळखी युरोपियनानं त्यांना ‘नवा करार’ दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. धर्मांतराच्या कथांचा हा ठरलेला साचा आहे. आधी खूण, मग घालमेल, शेवटी प्रकाश. नायक एकटा असतो. देव आणि तो, मध्ये कुणी नाही.

लक्ष्मीबाईंनी हा साचा मोडला. मुद्दाम नाही, खरं सांगण्याच्या ओघात. कारण मध्ये कुणीतरी होतं! त्या स्वतः होत्या, आणि लहानगा दत्तू होता. टिळकांना जिथं हाक ऐकू आली, तिथं यांच्या वाट्याला नवरा असूनही एकटेपण आलं, नातेवाइकांच्या आधारानं काढलेले दिवस आले. म्हणजे श्रद्धेनं एकानं वाट निवडली, आणि तिची किंमत दुसऱ्यानं मोजली. हा प्रश्न पुस्तक विचारतं, आणि उत्तर देण्याची घाई करत नाही.

आता कुणी म्हणेल, पुढं त्याही ख्रिस्ती झाल्या, म्हणजे प्रश्न मिटला. मला तसं वाटत नाही. टिळकांच्या आणि त्यांच्या बाप्तिस्म्यात सुमारे 5 वर्षांचं अंतर आहे, आणि पुस्तकाचा खरा गाभा त्या अंतरात आहे. त्या नवऱ्याकडे परत गेल्या, पण सोवळं घेऊन गेल्या. एका संसारात दोन धर्म नांदले. त्यांचं मन वळलं ते प्रवचनानं नाही. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडवला, आणि मग कुणाच्याही हातचं पाणी चालू लागलं. आधी पाणी, मग विश्वास! सिद्धांतापेक्षा स्वयंपाकघर पुढं होतं. ‘नवऱ्यामागोमाग बायको’ असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम नीट बघावा.

इथं पंडिता रमाबाई आठवतात. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर चर्चच्या वडीलधाऱ्यांशी त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. ख्रिस्त मान्य, पण माझ्या विवेकाचा मुखत्यार दुसरा कुणी नाही, अशी ती भूमिका. रमाबाईंनी जे वादातून केलं, ते लक्ष्मीबाईंनी सावकाशीनं केलं.

आता पुस्तकाची एक उणीवही सांगितली पाहिजे. टिळकांबद्दलचं लक्ष्मीबाईंचं प्रेम इतकं मोठं आहे की जिथं राग हवा, तिथं पुष्कळदा विनोद येतो. आपण हसतो आणि जखम झाकली जाते. पुढं 1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. पुन्हा तीच गोष्ट. हाक एकाला, ओढाताण घराला. पगार गेल्यावर चूल कशी पेटते, हे बाईंना विचारावं लागतं. त्या सांगतातही, पण हसत हसत. वाचकानं त्या हसण्यात विरघळू नये, एवढीच माझी विनंती.

1919 मध्ये टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं. ते पुढं नेण्याचं काम, शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतलं. हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि आता अडवणारंही कुणी नव्हतं. म्हणून मला वाटतं, 1895 ची वाट टिळकांची होती. लक्ष्मीबाई तिच्यावरून आधी फरफटत गेल्या, मग थांबल्या, मग स्वतःच्या पायांनी चालल्या. फरफट आणि चालणं यांतला फरक ज्या पुस्तकात इतका स्पष्ट दिसतो, ते श्रद्धेचं पुस्तक म्हणून वाचायला हवं. मग वाचणारा कुठल्याही धर्माचा असो, किंवा कुठल्याच नसो.

घरी गेल्यावर तेवढी मधली 5 वर्षं पुन्हा वाचा. इथं थांबतो.